कॉलेजात शिकवताना मुक्त शैक्षणिक साहित्य बिनधास्त वापरता येतं का? आणि स्वतःच्या नोट्स खुल्या केल्या तर काय पदरात पडतं?

तुम्ही साताऱ्याकडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता असं लिहिलंय. मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे उदाहरणं माझ्या विषयातली येतील, पण मुद्दा कुठल्याही विषयाला लागू आहे.

आधी एक घोळ निस्तरू. नेटवर फुकट वाचता येतं ते सगळं मुक्त नसतं. वाईला तयार होणारा आपला मराठी विश्वकोश नेटवर कुणीही वाचतं, पण नुसतं वाचता येतं म्हणून त्यातली नोंद बदलून आपल्या पुस्तिकेत छापायची मुभा आहे, असं ठरत नाही. त्यासाठी परवान्यात काय लिहिलंय ते पाहावं लागतं. यूट्यूबचंही तसंच. तिथे व्हिडिओ टाकणाऱ्याने मुद्दाम क्रिएटिव्ह कॉमन्स (आपलं साहित्य इतरांना खुलं करायचे तयार परवाने) हा पर्याय निवडला नसेल तर तो व्हिडिओ फक्त बघण्यापुरता. आपले कितीतरी सहकारी 'माझं लेक्चर यूट्यूबवर आहे, म्हणजे ते मुक्तच' असं धरून चालतात.

'मुक्त शैक्षणिक साहित्य' (ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस) ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ च्या बैठकीत रूढ झाली. पुढे डेव्हिड वायली या अमेरिकी अभ्यासकांनी मुक्तपणाच्या पाच मुभा मांडल्या: जवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि वाटणं. आपल्याकडची सगळी चर्चा वापरणं आणि वाटणं यावरच अडकते, म्हणजे पुस्तकाचे पैसे वाचले एवढ्यावर. मला विचाराल तर खरा जीव 'बदलणं' यात आहे.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा मुक्त पाठ्यपुस्तकांचा प्रकल्प घ्या. त्यांचं प्राथमिक संख्याशास्त्राचं पुस्तक चांगलं आहे, मांडणी स्वच्छ आहे. पण उदाहरणं सॅट या तिथल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या गुणांची. जतहून एसटीने येणाऱ्या मुलीला आधी सॅट म्हणजे काय ते समजवायचं आणि मग प्रमाण विचलन, यात अर्धा तास जातो. पुस्तक श्रेय देऊन बदलायची मुभा असलेलं असेल तर उदाहरण काढायचं आणि आपलं घालायचं.

'जिल्ह्याचा सरासरी पाऊस' ही मी वापरत असलेली सगळ्यात कामाची अदलाबदल. तुमचाच सातारा जिल्हा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. या दोन टोकांसह सगळ्या तालुक्यांची सरासरी काढली की जो आकडा येतो, तेवढा पाऊस जिल्ह्यात फारसा कुठे पडतच नाही. मध्यक का लागतो, विचलन का मोजायचं, हे मग फळ्यावर पटवून द्यावं लागत नाही. माणमधल्या दहिवडीकडचा एखादा मुलगा लगेच म्हणतो, 'मॅडम, मग दुष्काळ जाहीर करताना कुठला आकडा धरतात?' तास तिथून पुढे आपोआप चालतो. सांगलीत हेच काम कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेली पाण्याची पातळी करते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका हे इथल्या पोरांना तोंडपाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तो आलेख काढायला दिला की काळानुसार बदलणारी मालिका म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता परवान्याबद्दल, थोडक्यात. 'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स. 'सीसी बाय' म्हणजे श्रेय द्या आणि काहीही करा. 'एसए' असेल तर तुमची बदललेली प्रतही त्याच अटीवर खुली ठेवावी लागते. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नाही. 'एनडी' असेल तर बदललेली प्रत वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. म्हणजे मराठी माध्यमात शिकवणाऱ्यांना एनडीवालं साहित्य दाखवण्यापलीकडे जवळजवळ निरुपयोगी. आणखी एक खाच: 'बाय-एसए' आणि 'बाय-एनसी-एसए' असे दोन स्रोत एकाच पुस्तिकेत मिसळता येत नाहीत, कारण दोन्ही आपापलीच अट पुढे चालवायला सांगतात. परवाना पुस्तकागणिक, आवृत्तीगणिक बदलतो, तेव्हा दर वेळी पहिली पानं उघडून बघा.

मुक्त परवाना नसलेल्या साहित्यालाही वर्गात दार पूर्ण बंद नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी सूट आहे, आणि दिल्ली विद्यापीठात पुस्तकांतल्या पानांच्या फोटोकॉपी मुलांना देण्यावरून झालेल्या खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने ती बऱ्यापैकी सैल हाताने वाचली. पण ही सूट शिकवण्यापुरती. तीच पानं स्कॅन करून जगाला दिसेल अशा जागी चढवाल तर ती तुमच्या मदतीला येईलच असं नाही.

तयार करण्याबद्दल माझं मत ठाम आहे: अख्खं पुस्तक लिहायला बसू नका. एक घटक, दहा उदाहरणं, एक आकड्यांचा तक्ता, बास. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये केलेल्या नोट्स दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्या की गिचमिड होते, मग खुल्या करून काय उपयोग? पीडीएफसोबत मूळ फाइलही द्या. नुसती पीडीएफ म्हणजे कुलूप लावून किल्ली खिशात ठेवल्यासारखं. पहिल्याच पानावर तुमचं नाव, वर्ष, परवाना आणि कुणाकडून काय घेतलं ते लिहा. ठेवायला झेनोडो हे ऑनलाइन भांडार बरं आहे. फुकट आहे आणि कायमचा ओळख क्रमांक मिळतो.

एक काम त्याआधी करा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या साहित्याचा पहिला मालक कोण, यावर कलम १७ नुसार संस्था हक्क सांगू शकते. तासिकेवाल्यांच्या बाबतीत हे आणखी धूसर. प्राचार्यांकडून एका ओळीचं ना-हरकत पत्र घेऊन ठेवा, नंतर वाद नको.

पदरात काय पडतं म्हणाल, तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत चार चतुर्थांशांतल्या (म्हणजे व्हिडिओ, मजकूर, चर्चा आणि चाचणी अशा चार भागांतल्या) ई-साहित्याला गुण आहेत, पण ते मुख्यतः कायम प्राध्यापकांच्या पदोन्नतीला उपयोगी. तुम्हाला आज लगेच काही नाही. (आणि त्या गुणांसाठी बनलेले बरेच व्हिडिओ म्हणजे स्लाइड वाचून दाखवणं, हेही खरं.) मिळतं ते असं: पुढच्या वर्षी कॉलेज बदललं तरी साहित्य तुमच्या नावावर, तुमच्यासोबत राहतं. कराडच्या कुणी त्यात चूक दाखवली तर सुधारलेली आवृत्ती सगळ्यांनाच मिळते.

मराठीत सुरुवातीला काही हवं असेल तर आयआयटी मुंबईचे सॉफ्टवेअर शिकवणारे स्पोकन ट्युटोरियल बघा, मराठी आवाजात आहेत आणि परवाना 'बाय-एसए' आहे. विज्ञानवाल्यांसाठी कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स मराठीतही चालतात. तुमचा विषय तुम्ही लिहिलेला नाही. कमेंटमध्ये सांगा, त्यातलं काय उचलण्याजोगं आहे ते बघून लिहिते.