एकरंगी तुकड्यांची गोधडी शिवून झाली. आता तिच्या कडा कशा बंद कराव्यात?

आपण लिहिले आहे की एकरंगी पॉपलीनच्या तुकड्यांचा वरचा थर, आत जुनी सुती साडी आणि खाली अस्तर हे सगळे धावदोऱ्याने जोडून झाले आहे आणि आता काठाची पट्टी कोणत्या रंगाची घ्यावी व कशी लावावी, एवढेच अडले आहे. छापील कापडात वाकडा टाका नक्षीत खपून जातो, एकरंगी कापडात तो लांबूनही दिसतो. त्यामुळे घाई करू नये ती याच टप्प्यावर.

रंगाबाबत माझे मत असे, की गोधडीतला सर्वांत गडद रंगच काठाला घ्यावा, कारण हाताळून आधी मळतो तो काठच. निराळा रंग हवा असल्यास प्रत्येक तुकड्याची चिंधी सोबत घेऊन ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर जावे आणि तागा दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहावा. ट्यूबलाइटखाली काळे वाटलेले कापड बाहेर गडद निळे निघते. (दुकानदार कुरकुरतात, पण दाखवतात.) पट्टीचे कापड आधी धुऊन आटवावे आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग जात नाही ना, याची खात्री करावी.

कडा सरळ असतील तर उरेब, म्हणजे कापड तिरपे कापून काढलेली पट्टी लागत नाही, ती गोलाईसाठी. अडीच इंच रुंदीची सरळ पट्टी, चारही बाजूंच्या बेरजेपेक्षा 10-12 इंच अधिक, लांबीत दुमडून इस्त्री करावी. जोड तिरके द्यावेत, म्हणजे तिथे जाडी येत नाही. तिच्या उघड्या कडा पुढच्या बाजूने गोधडीच्या कडेला भिडवून तीन सूत, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर आत शिवावे, आणि सुरुवात बाजूच्या मध्यावर करावी.

खरी कसोटी कोपऱ्याची. कोपरा तीन सूत उरला की थांबून दोरा पक्का करावा, पट्टी वरच्या दिशेने अशी दुमडावी की कोपऱ्यात 45 अंशांची घडी पडेल, मग तीच पट्टी सरळ खाली आणून पुढच्या बाजूच्या कडेशी जुळवावी. वरची घडी आधीच्या कडेशी तंतोतंत भिडली आणि शिलाई पुन्हा अगदी कडेपासून सुरू केली, तर पट्टी मागे वळवताना दोन्ही बाजूंना तिरकी रेघ आपोआप पडते. मागे पट्टीच्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक तुरपाई करावी. सुई अस्तर आणि आतल्या साडीतूनच फिरावी, पुढे येऊ नये. दोऱ्याची गाठ ओढून पट्टीच्या आत दडवावी.

पावसाळ्यात काम संपले तर लगेच धुऊ नये, ठाण्याच्या दमट हवेत जाड गोधडी दिवसेंदिवस ओलसर राहते आणि तिला कुबट वास लागतो. ऊन पडू लागल्यावर थंड पाण्यात धुऊन, न पिळता, दोन दोऱ्यांवर आडवी पसरावी. एकाच दोरीवर टाकल्यास पाण्याच्या वजनाने नवी पट्टी ताणली जाते.