छोट्या गावातही कृष्णवर्णीयांचं चर्च वेगळं का? निकोडेमसची गोष्ट

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेत देव एक, बायबल एक, मग लहानशा गावातही कृष्णवर्णीयांचं चर्च वेगळं कशाला? मी कॅन्सस राज्यात राहतो, म्हणून इथल्याच, कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या निकोडेमस गावाबद्दल सांगतो.

आधी थोडं मागे जावं लागेल. गुलामगिरीच्या काळात मालकाच्या चर्चमध्ये गुलामांना मागे किंवा माडीवर बसवत, आणि धन्याची आज्ञा पाळा हे प्रवचन ठरलेलं असे. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नरने बंड केलं. तो स्वतः उपदेशक होता. त्यानंतर कृष्णवर्णीयांनी प्रवचन करण्यावरच तिथे कायद्याने बंदी आली. मग रात्री रानात किंवा झोपडीत चोरून उपासना होत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी लोखंडी हंडा पालथा घालत, अशा आठवणी अनेक वृद्धांनी पुढे सांगितल्या आहेत. उत्तरेत गुलामगिरी मावळत होती, पण तिथेही फिलाडेल्फियाच्या एका मेथडिस्ट (हा प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना धरून उठवलं गेलं. त्या प्रसंगात असलेल्या रिचर्ड अ‍ॅलन यांनी १७९४ साली बेथेल चर्च उभं केलं आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथच स्थापन झाला. थोडक्यात, बाहेर काढणारे आधी गोरे होते. पण एकदा बाहेर पडल्यावर या लोकांच्या लक्षात आलं की आपला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आपण निवडायचा, वर्गणीचा हिशेब आपण ठेवायचा, आणि कुणाला विचारायचं नाही, अशी ही आपल्या हातातली एकच जागा आहे. ती परत कोण देईल?

निकोडेमस वसलं १८७७ मध्ये. केंटकीतून नुकतेच मुक्त झालेले लोक इथे आले. वसाहत आखणाऱ्यांत डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय पाळक आणि डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीनव्यवहारी असे दोघे होते. हिलच्या जाहिरातींनी नंदनवन दाखवलं होतं. प्रत्यक्षात तिथे झाडही नव्हतं. १८७८ च्या वसंतात पाळक डॅनियल हिकमन आपली अख्खी मंडळीच, म्हणजे चर्चचे सभासद, बरोबर घेऊन आले. एलिस स्टेशनपासून पुढचा प्रवास गाड्यांनी होता. त्यांच्या पत्नी विलियाना यांनी नंतर सांगितलं आहे की गाव कुठे म्हणून त्या शोधू लागल्या, तेव्हा पुरुषांनी जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. लोक जमिनीत खणलेल्या घरांत राहत होते. त्या रडायलाच लागल्या. काही कुटुंबं तर लगेच माघारी फिरली. पहिला हिवाळा निभावला त्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी दिलेल्या मांसाचा मोठा हात होता.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. गाव वसलं, मग चर्च बांधलं, असा क्रम इथे नव्हताच. हिकमन यांची मंडळी आधीपासून होती, ती अख्खीच इथे येऊन वसली. गावातल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची (बॅप्टिस्ट हा प्रोटेस्टंटांचा आणखी एक पंथ) उपासनाही सुरुवातीला अशाच खणलेल्या जागेत, वर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या भिंती रचून, होत असे. १८८० च्या सुमारास दगडी खोली झाली, १९०७ मध्ये मोठं चर्च. १८८५ साली दुसऱ्या एका बॅप्टिस्ट मंडळीने चुनखडीच्या दगडात बांधलेलं चर्च पुढे अ‍ॅलन यांच्या आफ्रिकन मेथडिस्ट पंथाने घेतलं. एवढ्याशा गावात इतक्या मंडळ्या पाहून हसू येतं खरं, पण मतभेद होऊ शकतात, फुटून निघता येतं, हेही स्वातंत्र्यच की.

गावाचा घात रेल्वेने केला. रेल्वे यावी म्हणून गावाने १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले होते, पण १८८८ मध्ये रूळ पडले ते सॉलोमन नदीच्या दक्षिणेला, गावापासून काही मैलांवर. दुकानं उठून तिकडे गेली. १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं. आता तिथे मोजकीच माणसं उरली आहेत. मेथडिस्ट चर्चमधली उपासना थांबून अनेक दशकं झाली; बॅप्टिस्टांनी मात्र १९७५ मध्ये जुन्या इमारतीशेजारी नवी बांधली. १९९६ पासून गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि दोन्ही जुनी चर्चं त्यात येतात.

कधी इकडे आलात तर जुलैच्या अखेरीस या. तेव्हा पहिल्या वसाहतकारांचे वंशज देशभरातून गावी जमतात. मुळात हा सण १ ऑगस्टचा, म्हणजे ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या मुक्तिदिनाचा. एरवी टाउनशिप हॉलमधल्या माहिती केंद्रात चौकशी करा. आणि गाडीत पेट्रोल भरूनच निघा, कारण वाटेत मैलोन्‌मैल काही नाही.