नवशिक्याने गिटारच्या सरावासाठी कोणती ॲप्स आणि साधनं निवडावीत?

तुम्ही लिहिलंय की अकूस्टिक गिटार हातात घेऊन तीनेक महिने झाले, फोनमध्ये सात-आठ ॲप्स जमली आहेत, तरी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बदलताना हात अडखळतो आणि एकही गाणं शेवटपर्यंत जात नाही. त्यातली कोणती ठेवायची, ट्यूनर (तारा सुरात लावायला) आणि मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने ठोके देणारा) वेगळे घ्यायचे का, आणि एका ॲपची वर्षाची वर्गणी भरायची का, हे तुमचे प्रश्न.

मी नवशिक्यांनाच शिकवते, त्यामुळे ॲप्सची ही गर्दी नेहमी पाहते. माझ्या मते तीन गोष्टी पुरतात: ट्यूनर, मेट्रोनोम आणि फोनमधला साधा रेकॉर्डर. बाकी कुठल्याही ॲपला एकच कसोटी लावा. ते तुमचा कान तयार करतंय, की कानाचं काम स्वतःच उरकून टाकतंय?

मात्र ॲपच्या आधी गिटार तपासा. गिटारच्या गळ्यावर, म्हणजे लांब दांडीवर, ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात त्या फ्रेट. बाराव्या फ्रेटवर सहावी, म्हणजे सगळ्यांत जाड तार फ्रेटच्या धातूपासून किती उंच आहे ते मोजपट्टीने बघा. अकूस्टिक गिटारवर हे अंतर साधारण अडीच मिलिमीटरच्या आसपास असलं की हात नीट चालतो. साडेतीन-चारच्या घरात असेल तर सराव कितीही केला तरी बोटं दुखत राहतील आणि कॉर्ड स्वच्छ वाजणार नाही. पहिल्याच फ्रेटवर तार दाबायला विलक्षण जोर लागत असेल तर नटच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचा उंच राहिल्या आहेत. दोन्ही गोष्टी गिटार दुरुस्त करणारा माणूस थोडक्या वेळात करून देतो. सोबत तारांचा संचही हलका करून घ्या, पहिली, म्हणजे सगळ्यांत बारीक, तार ०.०१२ इंचाची असेल तर ०.०११ चा संच घ्या. कितीतरी जणांनी ‘माझीच बोटं कच्ची’ असं समजून गिटार कोपऱ्यात ठेवून दिली आहे, आणि दोष तारांच्या उंचीत होता. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ट्यूनर. शांत खोलीत एकटे वाजवत असाल तर फोनमधलं ॲप पुरेसं आहे. गिटारट्यूना किंवा फेंडर ट्यून, दोन्हींत नेहमीचं ट्यूनिंग फुकट होतं. घरात टीव्ही चालू असतो, किंवा चारजण मिळून वाजवता, तर हेडस्टॉकला (खुंट्या असलेल्या टोकाला) चिमट्यासारखा लावायचा क्लिप-ऑन ट्यूनर घ्या. तो हवेतला आवाज न ऐकता लाकडातली कंपनं टिपतो, त्यामुळे गोंगाटाने त्याचा गोंधळ होत नाही. ॲपऐवजी वेगळं विकत घेण्यासारखं एवढं एकच उपकरण मी सुचवेन.

तार लावताना सावकाश लावा. आधी ट्यूनर ४४० हर्ट्झवर, म्हणजे सुरांच्या नेहमीच्या मोजमापावर, आहे ना ते बघा, चुकून बोट लागून तो आकडा बदललेला असतो. मग नुसतं सुराचं अक्षर पाहू नका, शेजारचा सप्तकाचा आकडाही पाहा. जाड तारेपासून क्रम ई२, ए२, डी३, जी३, बी३, ई४ असा आहे. जाड आणि बारीक दोन्ही तारा ‘ई’च असल्यामुळे, फक्त अक्षराच्या मागे लागून खुंटी पिळत गेलं की पहिली तार तुटते. जाड ई तर फक्त ८२ हर्ट्झची आहे. फोनच्या छोट्या माइकला एवढा खर्ज नीट पकडता येत नाही, म्हणून काटा नाचत राहतो. अशा वेळी ती तार बाराव्या फ्रेटच्या वर अंगठ्याने हळुवार छेडा. तिथे तारेचा मूळ सूर सगळ्यांत ठळक निघतो आणि काटा स्थिरावतो. छेडल्याक्षणी सूर किंचित चढा असतो, तो बसू द्या आणि मग वाचा. आणि तार नेहमी खालून वर आणा. चढी असेल तर आधी थोडी उतरवा, मग पिळत सुरात आणा. वरून खाली आणलेली तार दोन कॉर्ड वाजवल्यावर पुन्हा उतरते.

इथे ती कसोटी लावायची वेळ येते. काही आठवड्यांनी उलट क्रम धरा: आधी कानाने लावा, मग ट्यूनरवर तपासा. सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी (न दाबलेली) पाचवी तार एकच सूर देतात. हीच रीत पुढे सगळीकडे, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेच्या जोडीत पाचव्याऐवजी चौथा फ्रेट. दोन सूर जवळ आले की एक डुलणारी लाट ऐकू येते, जुळत गेले की ती मंदावते आणि विरते. ही लाट ज्याला ऐकू यायला लागली त्याचं बेसूर वाजणं आपोआप कमी होतं. ट्यूनर त्यानंतरही वापराच, पण परीक्षक म्हणून.

मेट्रोनोमसाठी कुठलंही फुकट ॲप चालेल. साउंडकोर्सेटमध्ये ट्यूनर, मेट्रोनोम आणि रेकॉर्डर एकत्रच येतात, त्यामुळे एका ॲपवर भागतं. तुमच्या अडखळण्यावर खरा इलाज इथेच आहे. मिनिटाला ६० ठोके लावा. ई मायनर आणि सी, एवढ्या दोनच कॉर्ड घ्या. चार-चार ठोके मोजा. पहिल्या ठोक्यावर एकदाच स्ट्रम करा, म्हणजे तारांवरून हात फिरवा, उरलेले तीन ठोके बोटं हलवायला ठेवा आणि पुढच्या ‘एक’वर दुसरी कॉर्ड वाजवा. बोटं पोचली नाहीत तरी उजवा हात थांबवू नका, जे वाजेल ते वाजू द्या. थांबून बोटं नीट लावायची आणि मग पुढे जायचं, ही सवय लागली की प्रत्येक गाण्यात तिथेच खंड पडतो. अवघड वाटलं तर वेग ५० वर आणा. सलग चार-पाच मिनिटं न चुकता जमलं की ५-५ ने वाढवा.

पुढची पायरी मला फार आवडते. त्याच वेगात वाजवायचं, पण मेट्रोनोम ३० वर ठेवायचा, म्हणजे ठोका फक्त १ आणि ३ वर पडेल. मधल्या मात्रा तुम्ही मनात धरायच्या. लय तुमच्या आत किती बसली आहे ते दोन मिनिटांत कळतं.

रेकॉर्डरकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात, तुम्ही करू नका. फोन गिटारच्या तोंडाशी न ठेवता तीन-चार फुटांवर ठेवा, दोन मिनिटं वाजवा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच वेळी ऐकलं तर हाताला झालेले कष्ट आठवतात आणि कान नरम पडतो. परवाच एका विद्यार्थिनीची सी कॉर्ड आम्ही अशी ऐकली. वाजवताना तिला ती पूर्ण वाटत होती, रेकॉर्डिंगमध्ये पहिली तार मुकी होती. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आडवी पडून खालच्या तारेला टेकत होती. बोट टोकावर उभं केलं आणि तार बोलायला लागली. हे तिनेच ऐकून शोधलं, मी फक्त पुन्हा लावायला सांगितलं.

युशिशियनसारखी, तुमचं वाजवणं ऐकून गुण देणारी ॲप्स रोज हात गिटारला लावायला उपयोगी पडतात, तेवढा फायदा मी नाकारणार नाही. पण त्यांना ऐकू येतो तो सूर आणि वेळ. मनगट ताठ झालंय, अंगठा गळ्यावरून वर आलाय, खांदा उचललाय, हे त्यांना दिसत नाही, आणि सहा तारांच्या कॉर्डमधली एखादी मुकी तार बऱ्याचदा खपून जाते. ब्लूटूथ हेडफोन लावून ही ॲप्स वापरू नका. आवाज कानात उशिरा पोचतो, तुम्ही त्यावर बरोबर वाजवता आणि ॲप ‘उशीर’ म्हणून गुण कापतं. नुसत्या मेट्रोनोमला ही अडचण नाही, कारण तिथे तुम्हाला मोजणारं कोणी नसतं.

धडे क्रमाने हवे असतील तर जस्टिन गिटारच्या संकेतस्थळावरचे नवशिक्यांचे धडे फुकट आणि नीट रचलेले आहेत, इंग्रजी चालत असेल तर तिथूनच सुरुवात करा. कॉर्डची चित्रं दाखवणाऱ्या ॲप्सपैकी एक ठेवा, बाकी काढून टाका. अल्टिमेट गिटार या संकेतस्थळावरचे टॅब्ज (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते सांगणारं लेखन) वापरणाऱ्यांनीच लिहिलेले असतात, त्यात चुका सापडतात. कानाला खटकलं तर कानावर विश्वास ठेवा.

आवडतं गाणं बसवायचं असेल तर यूट्यूबवर वेग ०.७५ करा, सूर तसाच राहतो. संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रामने टेम्पो (वेग) हवा तसा कमी करता येतो. दोन-दोन ओळी फिरवत ऐका, आधी गुणगुणा, मग तारांवर शोधा, आणि टॅब शेवटी उघडा. मोइझिससारखं ॲप गाण्यातला गायकाचा आवाज किंवा वाद्यं वेगळी करून देतं. ऐकू न येणारी गिटार शोधायला ते चांगलं, पण आत्ता तुम्हाला त्याची घाई नाही.

कॅपो, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, एक असू द्या. तारा छेडायची पिक (छोटी चपटी पट्टी) दोन-तीन जाडीची घेऊन बघा. बोटं मजबूत करणारी स्प्रिंगची यंत्रं घेऊ नका. तार दाबायला जोर कमी आणि जागा अचूक लागते, बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकलं की निम्म्या ताकदीत काम होतं. गिटार पिशवीत न ठेवता स्टँडवर, डोळ्यांसमोर ठेवा.

वर्गणीचं म्हणाल तर आत्ता वर्षाचे पैसे भरू नका. फुकट चाचणीचे दिवस पूर्ण वापरा, त्या काळात शिकलेलं एक गाणं निवडा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ते वाजवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, संथ का होईना, पण न थांबता गेलं तर ॲप तुम्हाला शिकवतंय, महिन्याची वर्गणी खुशाल भरा. पडदा नसताना दुसऱ्याच ओळीला अडलात तर ते पैसे तारांच्या नव्या संचावर आणि गिटारच्या सेटअपवर, म्हणजे वर सांगितलेल्या दुरुस्तीवर, घाला.