सी भाषेत दोन आकड्यांची अदलाबदल करणाऱ्या स्वॅप फंक्शनमध्ये आकडे बदलतात, पण मेनमध्ये (मुख्य फंक्शनमध्ये) आलं की परत जैसे थे, असं का?

कारण सी मध्ये फंक्शनला कायम कॉपीच जाते, खरं पास बाय रेफरन्स (म्हणजे कॉपी न देता मूळ व्हेरिएबलच फंक्शनच्या हाती देणं) सी मध्ये नाहीच, ते सी प्लस प्लसमध्ये. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर खाडाखोड केली म्हणून तलाठ्याकडचं रेकॉर्ड थोडीच बदलतं? म्हणून मग व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता द्यायचा, तो & या चिन्हाने मिळतो. कॉल करताना स्वॅप(&क, &ख) लिही, फंक्शनमध्ये इंट *प, इंट *फ घे आणि आत अदलाबदल करताना *प, *फ (म्हणजे त्या पत्त्यांवरच्या किमती) वापर, नुसतं प, फ नाही, नाहीतर पत्त्यांच्या कॉप्याच इकडच्या तिकडे होतात आणि मेनमध्ये ढिम्म काही हलत नाही (पंचवटीतल्या क्लासच्या लॅबमध्ये माझी अख्खी दुपार यातच गेली होती, शेवटी चहाला गेल्यावर टपरीवर ट्यूब पेटली). इनपुट घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये इंट व्हेरिएबलच्या आधी & लागतो तोही याचसाठी. ॲरेचं (एकाच प्रकारच्या किमतींच्या रांगेचं) मात्र वेगळं, नुसतं नाव दिलं की पहिल्या एलिमेंटचा पत्ता आपोआप जातो.