इंदूरच्या मराठी मुलामुलीच्या पहिल्या प्रेमावर लघुपट करतोय. कोवळेपणा खोटा आणि विरह रडका होऊ नये म्हणून काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोघं दहावीतली, घरं रामबागेकडची, लांबी १५ मिनिटं, कॅमेरा मोबाइलचा आणि शेवटी ताटातूट. मी शेवटापासूनच सुरू करतो, कारण बहुतेक लघुपट तिथेच गडगडतात.

पंधराव्या वर्षीचं प्रेम बऱ्याचदा कुणी तोडत नाही, वेळापत्रक तोडतं. चिडलेला बाप, थप्पड, पावसातली धावाधाव हे सगळं काढून टाका. भंवरकुआंच्या क्लासमध्ये तिची संध्याकाळी ५ ची बॅच बदलून सकाळी ७ ची झाली, एवढं पुरतं. पण ही बातमी संवादात सांगू नका. त्याऐवजी क्लासच्या जिन्याखालची एकच चौकट (कॅमेऱ्यात दिसणारं एकच दृश्य) तीनदा वापरा. पहिल्यांदा दोन सायकली लांब लांब. दुसऱ्यांदा हँडलं एकमेकांत अडकलेली. तिसऱ्यांदा तो एकटा येतो आणि भिंतीलगत तिच्या सायकलीएवढी जागा सोडून आपली लावतो. तिन्ही वेळा कॅमेरा त्याच ठिकाणी, त्याच उंचीवर हवा. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, ट्रायपॉडची उंची वहीत लिहून ठेवा. चौकट थोडी जरी सरकली तरी पाहणाऱ्याला ती नवीच जागा वाटते, मग रिकामी फट त्याच्या लक्षातच येत नाही. तिसरा शॉट १० सेकंद तरी धरा. संकलनाच्या वेळी तो लांबलाय असं वाटेल आणि हात शिवशिवतील. कापू नका.

आता भाषा. इंदूरमध्ये तुमच्या हाती एक अशी गोष्ट आहे जी पुण्याच्या दिग्दर्शकाकडे नाही. ही मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी. म्हणजे चारचौघांत दोघं हिंदीतच बोलणार. ती ज्या क्षणी पहिल्यांदा त्याच्याशी मराठीत बोलते, तो क्षण हातात हात घेण्याहून मोठा आहे. जणू तिने त्याला स्वयंपाकघरापर्यंत येऊ दिलं. वाक्य अगदी फालतू ठेवा, 'वही आणलीस का?' इतकंच. त्याने घाईत हिंदीतच उत्तर द्यावं आणि मग चूक उमगून ओशाळावं. शेवटच्या भेटीत ती पुन्हा हिंदीवर आली की प्रेक्षक समजून जातो. मात्र या मुलांच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नका. प्रसंग समजावून सांगा, त्यांना त्यांच्या घरच्या मराठीत बोलू द्या, रेकॉर्ड करा आणि त्यावरून संवाद लिहा. आजीला खटकतील असे हिंदी शब्द त्यात येतील. येऊ द्या.

संवाद कमीच बरे. २०१३ च्या 'फँड्री' चित्रपटात जब्या आणि त्याला आवडणारी शालू यांच्यात बोलणं जवळजवळ होतच नाही. जब्याचं सगळं वेड तिच्यासाठी काळ्या चिमणीमागे धावण्यात दिसतं. तुमच्या मुलालाही असं एखादं काम द्या, जे तो तिच्यासाठी करतो पण तिला सांगत नाही.

कलाकार खरोखर १५-१६ वर्षांचे घ्या. बावीस वर्षांच्या मुलाने दाढी केली तरी त्याच्या चालण्यात आत्मविश्वास दिसतो. दोघांच्या तालमी वेगवेगळ्या घ्या आणि पहिल्या भेटीचं दृश्य पहिल्याच दिवशी चित्रित करा, कारण तो संकोच अभिनयातून येत नाही आणि तिसऱ्या दिवशी दोघं एकमेकांची टर उडवायला लागतात. स्पर्श असेल तर बोटांना बोटं लागण्यापुरता. तो आधी दोघांना आणि पालकांना सांगून, आकडे मोजून बसवा: एकला लागली, तीनला सुटली. याहून जवळिकीचं दृश्य १८ खालच्या मुलांना घेऊन करायचंच नाही, इथे तडजोड नको. नायिकेचा धाकटा भाऊ दाखवणार असाल आणि ते काम करणारा मुलगा १४ च्या आतला असेल तर बालकामगार कायद्याचे नियम लागतात: जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला कमाल ५ तास, सलग ३ तासांनंतर विश्रांती. मानधन दिलंत तर त्यातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात.

सराफा, म्हणजे इंदूरचा सोनारांचा बाजार जो रात्री खाऊगल्ली होतो, तिथलं दृश्य मोहात पाडणारं आहे. दोन्ही घरची मंडळी भुट्ट्याचा कीस खायला आलेली, मोठी माणसं गप्पांत आणि दोन द्रोणांच्या वाफेपलीकडे हे दोघं. पण खाऊगल्ली रंगते ती सोन्याची दुकानं बंद झाल्यावर, आणि तेव्हा मुलांना तिथे उभं करायची गरज नाही. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सव्वासहा ते सात या वेळात एखाद्या शांत बोळात, पिवळ्या बल्बखाली त्यांचे जवळचे शॉट घ्या. कढया, गर्दी आणि गराडू (एक कंद) तळणारे हात रात्री वेगळे टिपा. आवाजाचंही तसंच: संवाद शांत जागी, कोलाहल नंतर संकलनात संवादाखाली पसरायचा. प्रत्येक ठिकाणी कुणीही न बोलता ६० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, नाहीतर प्रत्येक कापावर आवाज खटकतो.

मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरवर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० करा. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर. वरून पाहिलं की ती 'लहान मुलं' होतात आणि प्रेम गोंडस दिसू लागतं, जे तुम्हाला नकोय.

स्लो मोशन नको. व्हायोलिन तर अजिबात नको. २०१६ च्या 'सैराट'चा शेवट आठवा, तिथे संगीत नाही, आवाजच काढून घेतलाय. तुमच्या तिसऱ्या चौकटीत सायकलचा स्टँड खट्‌कन लागल्याचा आवाज ठेवा, तो मात्र जवळून आणि वेगळा रेकॉर्ड करा.