इन्फ्लेटेबल पॅडल बोर्डमध्ये हवा थोडी कमी असली तर खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि चांगलाच. हवा भरून फुगवायच्या आणि वर उभं राहून वल्हवायच्या या बोर्डाला ताठपणा येतो तो फक्त हवेच्या दाबामुळे. आत वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो बारीक धागे असतात. ते पूर्ण ताणले गेले तरच बोर्ड सपाट आणि कडक राहतो. बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) इतका दाब लागतो, काहींना त्याहून जास्त. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो, तोच पाळा.

दाब १० च्या आसपास असेल तर उभं राहिल्यावर बोर्ड मधोमध दबतो, पुढचं-मागचं टोक वर उचललं जातं. मग पाणी जास्त अडतं, वल्ह्याचा जोर वाया जातो आणि पाय डगमगतात. वजन जास्त असेल तर हे आणखी जाणवतं, त्यामुळे अशांनी वरच्या मर्यादेच्या जवळ भरावं.

हातपंपाने १० नंतर दम लागतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. बोर्ड हाताला टणक लागतो खरा, पण अंगठ्याने दाबून काही कळत नाही. पंपावरचा दाब दाखवणारा गेजच बघा. तो सुरुवातीला बराच वेळ हलत नाही, घाबरू नका.

तापमानही लक्षात ठेवा. २० अंशांना १५ पीएसआय भरलेला बोर्ड उन्हात ४० अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण १७ वर जातो. किनाऱ्यावर ठेवताना सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा. उलट, थंड पाण्यात दाब उतरतो, म्हणून लांब जायचं असेल तर बोर्ड थोडा वेळ पाण्यात ठेवून पुन्हा तपासा.