गोळ्या बंद करून ते ‘नैसर्गिक’ इंजेक्शन घेऊ का?

“मॅडम, नैसर्गिक आहे म्हणजे त्रास नाही ना?” एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या मिळतात तिथे, समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय! कधी काढा असतो, कधी कसली भुकटी. या गृहस्थांच्या हातात (ओळख पटेल असं सगळं बदललंय) पुतण्याने दिलेली झेरॉक्स होती. एड्सच्या रुग्णांना होणाऱ्या कापोसी सार्कोमा या कर्करोगावर अमेरिकेत इंटरल्यूकिन-१२ची चाचणी झाली, हे प्रथिन शरीरातच तयार होतं, वगैरे. गोळ्या बंद करून तेच इंजेक्शन घ्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांच्या पोटरीवर तोच जांभळट डाग. वाढतो का हे कळावं म्हणून कडेने बॉलपेनची रेघ ओढलेली.

“फ्लूत अंग का मोडून येतं?” मी विचारलं.

“विषाणूमुळे.”

“बरंचसं आपल्याच प्रथिनांमुळे. इंटरफेरॉन त्यातलंच. १९८८ मध्ये अमेरिकेत याच कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. टोचलं की थंडी-ताप, काहींना नैराश्यही. तेही नैसर्गिकच की!”

ते हसले. झेरॉक्स मात्र घडी घालून पुन्हा खिशात गेली.

पुढच्या खेपेला तीच आम्ही एकत्र वाचली. बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची ती पहिल्या टप्प्याची चाचणी. म्हणजे मुख्यतः किती डोस सोसतो ते बघायचं. बऱ्याच जणांचे डाग ओसरले, हे खरं. पण ती माणसं एआरटी घेतच होती. “मग गोळ्या बंद कशाला?” उत्तर नाही.

माहिती पुरत नाही तेव्हा मी तिच्याखालची समजूत शोधते. विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीत (भावनेमागची समजूत तपासणाऱ्या) वाढलेय, हाडात भिनलंय ते. तिसऱ्या भेटीत विचारलं, “यातलं सगळ्यात काय आवडलं?”

बराच वेळ गेला. “आठवड्यातून दोनदा इंजेक्शन. तिथंच घ्यायचं नि यायचं. घरात बाटली नको.”

गोळ्यांच्या बाटलीचं लेबल त्यांनी नखाने खरवडलं होतं, खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबला होता. आई रोज कपाट पुसते. म्हणजे प्रश्न प्रथिनाचा नव्हताच! आधी प्रथिनावरच बोलत बसले, ही माझी चूक.

तुमच्या घरी कुणी ‘नैसर्गिक’चा हट्ट धरला, तर वाद घालण्याआधी विचारा, सध्याच्या औषधाचं नेमकं काय नकोसं झालंय? आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एआरटीची एकही गोळी चुकवू नका. सुरुवातीच्या अवस्थेत बऱ्याचदा तिनेच हे डाग उतरतात.

आईला सांगायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील. बाटली आता दुकानाच्या गल्ल्यात असते. शटर ओढायच्या आधी गोळी. परवा पँट वर करून दाखवलं. रेघ नव्याने गिरवलेली, डाग तिच्या बराच आत.